शंभर म्हणजे शंभर

पितळी वजन चिमट्यात धरायचं, खिडकीच्या उजेडाकडे न्यायचं, एक डोळा बारीक करून सगळ्या बाजूंनी पाहायचं आणि म्हणायचं, "शंभर म्हणजे शंभर. मी म्हणून राहिलो म्हणून नाही." आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांची ही सवय मी एकोणीस वर्षं पाहिली. हे वाक्य ते नवीन मुलांना ऐकवत, तपासणीला आलेल्या साहेबांना ऐकवत आणि खोलीत कोणीच नसलं तर वजनालाच ऐकवत.

असा एक माणूस प्रत्येक शाळेत असतो, तुम्हीही पाहिला असेल. मुख्याध्यापक येतात आणि जातात, चाव्यांचा जुडगा मात्र त्याच्याच कमरेला राहतो. आमची शाळा गांधीबागेच्या मागच्या गल्लीत होती. खाली कापडाची दुकानं, वर अकरावी-बारावीचे वर्ग. मी भौतिकशास्त्र शिकवत असे आणि काका प्रयोगशाळा सहायक होते. हुद्द्यानं ते माझ्या हाताखाली होते, पण हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

माणूस बुटका, शर्ट पांढरा, इस्त्री कडक. लोक पेन ठेवतात त्या खिशात त्यांचा चिमटा असे. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं, आणि ते स्वतः त्यांच्या मंडळीतले वडील, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या खालोखाल मान असलेले. पहिल्या दिवशी ते मला "सलाम, मॅडम" म्हणाले तेव्हा मला वाटलं, पूर्वी सैन्यात असावेत. त्यांच्यात एकमेकांना असंच म्हणतात हे मला महिनाभरानं कळलं.

वजनाला हात लावलेला त्यांना खपत नसे. "घामाचंही वजन असते जी," असं म्हणून ते पोरांना नळाकडे पिटाळत. ही शिस्त शास्त्राला धरूनच होती, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती.

त्यांच्या खास ताब्यात एक जुनी पेटी होती. सागवानी, आत निळी मखमल, खाचांमध्ये उतरत्या क्रमानं बसलेली पितळी वजनं. शाळा सुरू झाली तेव्हापासूनची. दर जूनमध्ये ते मुलांच्या वापरातल्या सगळ्या पेट्या या पेटीशी ताडून पाहत. जे वजन जुळलं नाही त्याला लाल दोरा बांधून खालच्या खणात टाकत. त्या खणाला त्यांनी नाव दिलं होतं, खोट्यांचा खण.

शनिवारी शाळा अर्धी असे. त्यांच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, नळाला दुपारनंतर पाणी नसे, म्हणून ते तिथली पितळी भांडी, मेणबत्त्यांची स्टँडं, अर्पणाच्या थाळ्या पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणत आणि चिंच आणि राख लावून घासत. रविवारच्या उपासनेला सगळं लखलखलं पाहिजे. ते झालं की उरलेल्या चिंचेनं जुन्या पेटीतली आणि तिच्याबरोबरच आलेल्या मुलांच्या पेट्यांतली वजनंही घासून घेत. देवाची भांडी उजळ आणि शंभर ग्रॅम मळकट, हे त्यांच्या मनाला पटत नसे. मी बाजूला बसून जर्नल तपासत असे आणि ते पाहतही असे. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका होते हे इथं पुन्हा सांगून ठेवते.

अशाच एका शनिवारी त्यांची गंमत करावी म्हणून मी विचारलं, "काका, खोटं बोलणं देवानं वाईट म्हटलं म्हणून वाईट, की मुळातच वाईट आहे म्हणून देवानं तसं म्हटलं?"

"दोन्ही एकच न जी?"

"एक कसं? पहिलं धरलं तर देव उद्या म्हणेल खोटं बोला, की ते चांगलं होईल. दुसरं धरलं तर चांगलंवाईट देवाच्याही वर गेलं आणि देव नुसता निरोप्या झाला."

त्यांनी नळ बंद केला. थाळी पुसली. "सोमवारी सांगतो," म्हणाले.

सोमवारी ते खरोखरच उत्तर घेऊन आले. "पाळकसाहेबाईले विचारलं. ते म्हणाले, प्रश्न लय जुना आहे, आमच्यातले मोठमोठे विद्वान शेकडो वर्षांपासून यावर डोकं लावून राहिले." मग त्यांनी जुनी पेटी उघडली आणि शंभराचं वजन चिमट्यात धरलं. "ह्याले कोणी हुकूम केला का, की तू शंभर हो? नाही केला. ह्याच्या वर अजून एखादं शंभर आहे का, ज्याच्याशी आपण हे मोजलं? आपल्या कपाटात तरी नाही. हेच माप. देवाचं तसंच आहे जी. चांगुलपणा त्याच्या हुकुमातून नाही निघाला, अन् त्याच्या डोक्यावरही नाही बसला. तो स्वतःच तसा आहे. त्याच्याशी जुळलं ते चांगलं."

उत्तर चांगलं होतं. मला तेवढं चांगलं उत्तर अपेक्षित नव्हतं, म्हणून मी जरा चिडूनच म्हटलं, "आणि हे वजनच चुकीचं निघालं तर?"

"तुम्हीही न, मॅडम," असं म्हणून ते मोकळे हसले.

अकरावीच्या वार्षिक प्रात्यक्षिकात प्रत्येक मुलाला एक क्रमांक घातलेला धातूचा तुकडा मिळत असे. तो तराजूत तोलायचा आणि वजन लिहायचं. प्रत्येक तुकड्याचं खरं वजन काकांनी जुन्या पेटीनं आधीच काढून आपल्या वहीत लिहून ठेवलेलं असे. त्या वर्षी वर्गात प्रज्ञा नावाची मुलगी होती. खापरखेड्याहून रोज बसनं यायची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात कोळशाकडे कामाला होते आणि तिला त्याच केंद्रात इंजिनिअर होऊन कंट्रोल रूममध्ये बसायचं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी विचारलं म्हणून.

त्या दिवशी पेट्या एकीनं कमी पडल्या. काकांनी नुकतीच आलेली, अजून न तपासलेली एक पेटी उघडून प्रज्ञाला दिली. तिचं उत्तर काकांच्या वहीपेक्षा जवळजवळ अर्ध्या ग्रॅमनं कमी आलं. त्या तराजूवर एवढी चूक हातून होत नाही.

"मोजलं का, की लिहूनच टाकलं?" काकांनी विचारलं.

"तीनदा मोजलं, काका."

काकांनी तिच्या देखत तो तुकडा जुन्या पेटीनं तोलला. वहीतलंच उत्तर आलं. तिच्या जर्नलमध्ये एका ठिकाणी खोडलेलं होतं. तेवढं आम्हाला पुरलं.

"वजन खोटं बोलत नाही, पोरी. माणूस बोलतो," काका म्हणाले. सगळ्या वर्गानं ऐकलं. मी तिच्या जर्नलमध्ये 'निरीक्षणे बनावट' असं लिहिलं, शून्य दिलं आणि सही केली. माझ्या मागे अजून बावीस मुलं होती आणि मला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील ड्युटीवरून थेट आले. बाहीवर कोळशाची भुकटी होती. मी त्यांना जर्नल दाखवलं. ते म्हणाले, "ती खोटं बोलत नाही, मॅडम." सगळेच पालक असं म्हणतात, असं मी मनात म्हटलं. महिनाभरानं तिनं शाळा सोडल्याचा दाखला नेला. गावाकडच्या कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं, असं कोणीतरी सांगितलं.

जूनमध्ये काकांनी नेहमीप्रमाणे पेट्या ताडून पाहिल्या. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, ती नवीन पेटी भारी निघाली. शंभर जुळून नाही राहिलं. त्या पोरीनं त्याच पेटीनं मोजलं होतं."

याचा अर्थ मला कळला होता. मुलीनं खरंच मोजलं होतं, वजनं भारी म्हणून उत्तर कमी आलं, चूक पेटीची होती. मी म्हटलं, "ती तर गेली, काका. आता काय करता? सोडा."

ते गेले आणि त्या वजनाला लाल दोरा बांधला.

सहा वर्षांनी शाळेला इलेक्ट्रॉनिक तराजू मिळाला. काकांनी त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "आधी आपलं शंभर ठेवून पाहू. हा किती पाण्यात आहे ते समजन." त्यांनी जुन्या पेटीतलं वजन चिमट्यानं अलगद ठेवलं. आकडा आला नव्व्याण्णव पूर्णांक एकावन्न.

"मशीन खोटी आहे," ते म्हणाले.

मग त्यांनीच खोट्यांचा खण ओढला आणि लाल दोऱ्याची वजनं एकेक करून तराजूवर ठेवायला लागले. शंभर. शंभर. शंभराला एक शतांश कमी. शंभर. अकरा वजनं होती आणि अकराही खरी निघाली. प्रत्येक वजन उतरवलं की ते त्याचा दोरा सोडत आणि खिशात टाकत. अकरावा दोरा सोडताना गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातानं तोडली.

"असं काहून झालं, मॅडम?"

मी सांगितलं. दर शनिवारी घासल्यानं पितळ झिजत गेलं होतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण वर्षानुवर्षं. ते आपल्या हातांकडे पाहत होते. "मी तर साफ करून राहिलो होतो जी," म्हणाले. हे मी त्यांना कितीतरी आधी सांगू शकले असते. मग का नाही सांगितलं, ते त्यांनी मला विचारलं नाही.

मग त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि मधली सुट्टी होईपर्यंत एक वही शोधली. प्रज्ञाच्या तुकड्याचा क्रमांक आणि त्यापुढे टिपलेलं तिचं उत्तर काढून त्यांनी तोच तुकडा नव्या तराजूवर ठेवला. जो आकडा आला तो सहा वर्षांपूर्वी तिनं लिहिला होता, शतांशापर्यंत. त्यांनी वही मिटली नाही, तशीच माझ्यासमोर ठेवली.

दोनेक महिने गेले. मग एक दिवस त्यांचे पाळकसाहेब शाळेत आले, थेट माझ्याकडे. तरुण होते, चिंतेत होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीची थाळी वडीलमंडळी फिरवतात. काकांनी दोन महिने थाळी फिरवली, पण स्वतः घेतलं नाही. "त्यांनी माझ्याजवळ सगळं कबूल केलं आहे," पाळक म्हणाले. "देवानं क्षमा केली आहे हे मी त्यांना सांगितलं. तुम्ही समजवा, मॅडम. तुमचं ऐकतात." काका माझं ऐकतात ही बातमी मला नवीन होती.

तरी मी बोलले. ते तराजूची काच पुसत होते.

"देवाजवळचं देवानं दिलं जी, मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण पोरीजवळचं पोरीजवळच आहे. तिच्या वाटचं देव कसं देऊन टाकीन? तसं करणं त्याच्या स्वभावातच बसत नाही. आमच्यात असं आहे, कोणाचं मन दुखवलं असन तर आधी तिकडं जायचं, मंग देवाच्या मेजावर यायचं."

"चूक तर वजनाची होती, काका."

"परीक्षेच्या दिवशी वजनाची होती. जूनमध्ये नव्हती."

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "मग तुमच्या उत्तराचं काय? मूळ मापच कमी निघालं ना?"

यावर त्यांनी बराच विचार केलेला दिसला. "देव नाही कमी झाला. माझ्या पेटीतलं झालं. मी त्याले घासत राहिलो अन् मलेच वाटे, हेच शंभर. पण एक सांगा मॅडम, हे कमी आहे हे आपल्याले कशानं समजलं? कुठंतरी खरं शंभर आहे म्हणूनच न? ते माझ्या कपाटात नव्हतं, एवढीच गोष्ट."

नाताळनंतरच्या आठवड्यात ते नेहमीप्रमाणे करंज्यांचा डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्यापाशी थांबले. "मॅडम, दुसऱ्या शनिवारी खापरखेड्याले जाऊन राहिलो. बसमध्ये जागा राहते."

"सांभाळून जा," मी म्हटलं.

सोमवारी मी विचारलं, "भेटली का?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

"पाणी दिलं."

त्यापुढे एक अक्षर नाही. पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच. दुसरा शनिवार, खापरखेडा, बसमध्ये जागा राहते. सोमवारी अहवाल, "चहा दिला." तिसऱ्या वर्षी पोहे. त्यांच्या खापरखेड्याच्या हकिकती एवढ्याच असत आणि मला त्याची गंमत वाटे. प्रभुभोजन त्यांनी चहाच्या वर्षापासून पुन्हा घ्यायला सुरुवात केली, हे पाळकांनी एकदा रस्त्यात सांगितलं. पण मग ते दर वर्षी जातात कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता, तो पडला नाही.

जुनी पेटी त्यांनी टाकली नाही. झाकणाच्या आत कागद चिकटवला, 'हे शंभर नाही. मी घासून कमी केले.' खाली सही. खिडकीपाशी उभं राहून ते वाक्य मात्र ते म्हणतच राहिले, फक्त आता चिमटा रिकामा असे.

ते निवृत्त झाले आणि मुलाकडे, शहराच्या टोकाला बेसाला राहायला गेले. तरी दर जानेवारीत फोन यायचा. "सलाम, मॅडम. शनिवारी खापरखेड्याले जाऊन राहिलो. बसमध्ये जागा राहते." मी म्हणायचे, सांभाळून जा, काका. वय झालं म्हणून मी एकदा त्यांना रागावलेही, इतक्या लांब एकट्यानं कशाला जाता. ते म्हणाले, "एकट्यानं जायची हौस नाही जी."

मागच्या जानेवारीत फोन आला नाही. फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचा आला.

मातीला बरीच माणसं होती. आमचे जुने विद्यार्थी, गल्लीतले दोनतीन कापडवाले, पांढऱ्या साड्यांतल्या त्यांच्या मंडळीच्या बायका. पेटी कबरीत उतरवून झाली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी हात झटकत असताना एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. चाळिशीच्या आतली, अंगणवाडीच्या साडीत.

"ओळखलं का, मॅडम? प्रज्ञा. खापरखेडा."

मी हो म्हटलं. तिला माझा चेहरा आठवत होता, मला तिचा आठवत नव्हता, पण हो म्हटलं.

"पहिल्या वर्षी आले तेव्हा मी काकाले दारातूनच परत पाठवून राहिली होती," ती म्हणाली. "माझे बाबा म्हणाले, पाणी तरी दे. दुसऱ्या वर्षी मंग बसवलं. मी म्हटलं, काका, आम्ही बुद्धाले मानणारे. आमच्यात देव नाही. मी माफ करू तर कोणाच्या नावानं करू? तर म्हणाले, तुझ्या नावानं कर, पोरी. मनात नसन तर नको करू, मी पुढच्या साली येतो. मंग केलं मी. माझ्याच नावानं."

"मग नंतर दर वर्षी कशाला येत होते?"

"काटा तपासायले." ती जराशी हसली. "मी दर महिन्याले लेकरांची वजनं घेते न. ते आले की आधी किराण्याच्या दुकानातून छाप मारलेलं एक किलो मागून आणत, माझा काटा पाहत, मंग चहा घेत. लेकरू कमी भरलं तर आधी काट्याले विचार, मंग लेकराले, असं म्हणत."

मला वाटलं, संपलं. मी निघायच्या बेतात होते. पण ती तिथंच उभी होती.

"मी त्याईले त्याच दिवशी म्हटलं होतं, मॅडमलेही माफ केलं म्हणून सांगून द्या. तर नाही म्हणाले. म्हणाले, हे मी नेऊ शकत नाही. त्या येतीन तेव्हा त्याईच्या हातात दे. मी दर साली दोन कप जास्तीचं दूध घेऊन ठेवत होती."

मला लाज वाटली. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती लपवायला माझ्याजवळ जर्नल नव्हतं की बावीस मुलं नव्हती. मी म्हटलं, "प्रज्ञा, आता—"

"आता नको, मॅडम," ती सौम्यपणे म्हणाली. "आज तुम्ही काकासाठी आल्या." तिची बस होती. तिनं मातीच्या ढिगाकडे वळून हात जोडले आणि ती गेली.

दर जानेवारीत ते मला प्रवासाची सोय सांगत आहेत, असंच मी इतकी वर्षं समजत होते. एकदाही त्यांनी चला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी गेले असते की नाही, कोण जाणे, पण मग ते त्यांच्या सांगण्यावरून जाणं झालं असतं, आणि हे त्यांना माझ्या कितीतरी आधी कळलं होतं.

या जानेवारीत दुसऱ्या शनिवारी मी सकाळीच बसस्टँडवर गेले. बसमध्ये जागा होती.